हिरवे पट्टे सरकताना दिसले, पण तो वारा होता का? (एअरग्लो आणि वरच्या हवेचं मोजमाप)

रात्रपाखरू
मंडळी, उन्हाळ्यातल्या एका अमावास्येला रात्रभर आकाशाचे फोटो काढले. कॅमेरा तिपाईवर सरळ वर तोंड करून, रुंद लेन्स, ३० सेकंदांचं एक्स्पोजर. डोळ्यांना वेगळं काही दिसलं नव्हतं, पण नंतर फोटो एकापाठोपाठ एक चालवले तेव्हा ताऱ्यांच्या अलीकडे फिकट हिरवे पट्टे दिसायला लागले. नांगरलेल्या रानासारखे समांतर, आणि सगळे मिळून ईशान्येकडे सरकणारे.

वाचल्यावर कळलं की हा एअरग्लो, म्हणजे वरच्या हवेचा स्वतःचा उजेड. उंची ९० किमी धरून हिशेब केला. डोक्यावरचा एक पट्टा ८ मिनिटांत साधारण १२ अंश सरकला, म्हणजे १९ किमी, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. प्रश्न असा की ९० किमीवर त्या रात्री ४० मीटरचा वारा होता, असं म्हणता येईल का?

काठावरून
आधी ढग नव्हते ना, याची खात्री करा. पातळ ढगावर खालच्या दिव्यांचा उजेड पडला की तोही पट्ट्यांसारखा दिसतो.

रात्रपाखरू
ढग नव्हते. पट्ट्यातले आणि दोन पट्ट्यांमधले तारे सारख्याच तेजाचे आहेत. ढग असता तर पट्ट्यातले तारे मंदावले असते.

कड्याकडे
रात्रपाखरू, निरीक्षण फार चांगलं आहे, ताऱ्यांची तुलना केलीत हे तर उत्तमच. पण उत्तर नाही असं आहे. तुम्ही मोजलात तो लाटेचा वेग. वाऱ्याचा नाही.

तळ्यात तरंग उठतात तेव्हा पाण्यावर पडलेलं पान जागच्या जागी वरखाली होतं, आणि तरंग मात्र काठापर्यंत जातो. वर हेच चाललेलं असतं. डोंगरावरून जाणारा वारा किंवा वादळी ढग हवेला वर ढकलतो. वर गेलेली हवा थंड आणि जड होऊन खाली येते, वेगात असल्यामुळे मूळ जागेच्याही खाली जाते, मग पुन्हा वर. हे डोलणं वर वर पोचतं. तिथली हवा जमिनीजवळच्या मानाने लाखो पट विरळ असल्यामुळे खालचं बारीकसं डोलणं वर शेकडो पट मोठं होऊ शकतं. हवा दाबली गेली तिथे उजेड वाढतो, पसरली तिथे कमी होतो. तुमचे पट्टे ते हेच. (इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर केलं की कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या लहरींशी गल्लत होते, म्हणून मी यांना उत्प्लावक लाटा म्हणतो.)

हिरवा रंग आहे, तर उंची ९० ऐवजी ९७ किमी धरा. वेग ४३ मीटर येईल. आकडा वाया गेलेला नाही, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

खरा वारा त्या उजेडातच लिहिलेला असतो, पण तो जागेवरून नाही, रंगावरून वाचायचा. उजेड देणारा अणू आपल्याकडे येत असेल तर तरंगलांबी किंचित आखूड होते, दूर जात असेल तर किंचित लांब. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी ऐकू येते तसंच. असा एकाच नेमक्या रंगाचा उजेड वर्णपटात बारीक रेषेसारखा दिसतो, आणि तापमानही त्याच रेषेत असतं. हवा गरम असली की अणू सगळ्या दिशांना जोरात धावतात, काही आपल्याकडे, काही उलटे, त्यामुळे रेषा रुंद होते. थोडक्यात, रेषा किती सरकली त्यावरून वारा आणि किती रुंद झाली त्यावरून तापमान.

साधाप्रश्न
हवामान मोजणारे रेडिओसाँडचे फुगे आहेत, उपग्रह आहेत, मग एवढा खटाटोप कशाला?

कड्याकडे
फुगा ३५-४० किमीच्या वर जात नाही. उपग्रह १५०-२०० किमीच्या खाली फार काळ टिकत नाही, हवेच्या घर्षणाने पडतो. मधल्या पट्ट्यात जाऊन यायला फक्त रॉकेट, तेही काही मिनिटांसाठी. उल्का-रडार साधारण ८० ते १०० किमीमधला वारा देतं, सोडियमवर चालणारा लायडारही (वर लेझर सोडून परत आलेला उजेड वाचणारं यंत्र) त्याच भागाला चिकटलेला. त्याच्या वर, २५० किमीच्या आसपासचा वारा जमिनीवरून रोज रात्री बघायचा तर एअरग्लोसारखं दुसरं साधन नाही.

साधाप्रश्न
आणि प्रत्येक रंग ठरावीक उंचीवरूनच का येतो? ऑक्सिजन तर सगळीकडे आहे.

उत्तररात्र
याचं उत्तर मी देते, माझा आवडता भाग आहे.

दिवसा सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडून सुटे अणू करतात. म्हणजे दिवसाची ऊर्जा साठवली जाते आणि रात्री हळूहळू खर्च होते. ९७ किमीच्या आसपास सुटे अणूही भरपूर आणि त्यांना एकत्र आणणाऱ्या टकराही पुरेशा, म्हणून हिरवी रेषा (५५७.७ नॅनोमीटर) तिथली. त्याखाली सुटे अणू कमी, वर टकरा कमी.

लाल रेषेची (६३०.० नॅनोमीटर) गोष्ट आणखी सुंदर आहे. ऑक्सिजनचा भारित रेणू इलेक्ट्रॉनला भेटतो, तुटतो आणि एक अणू उत्तेजित अवस्थेत राहतो. त्याला लाल प्रकाश सोडायला सरासरी ११० सेकंद लागतात. अणूच्या हिशेबात हा काळ प्रचंड आहे. खाली, जिथे हवा दाट आहे, तिथे तेवढ्या वेळात नायट्रोजनचा रेणू येऊन धडकतो आणि ऊर्जा काढून घेतो, उजेड पडतच नाही. विरळ हवेत अणूला तेवढी सवड मिळते, म्हणून लाल थर २५० किमीच्या आसपास. हिरव्या रेषेला पाऊण सेकंद पुरतो, म्हणून ती खालच्या दाट हवेतही तगते.

सोडियमचा पिवळा थर ९० किमीजवळ, आणि त्याच्याही खाली ८७ किमीच्या सुमारास हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा), ज्याचा बहुतेक उजेड अवरक्त आहे. म्हणजे रंग निवडला की उंची निवडली.

जुनी_वही
थोडा इतिहास. १८६८ मध्ये आँगस्ट्रॉम यांना ध्रुवीय प्रकाश नसतानाही आकाशात हिरवी रेषा दिसली होती. ती कशाची, हे पन्नासहून अधिक वर्षं कोडंच होतं. १९२३ मध्ये बॅबकॉक यांनी फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर (दोन सपाट काचांमध्ये प्रकाश परतवून तरंगलांबी मोजणारं उपकरण) लावून तिची तरंगलांबी अतिशय बारकाईने मोजली आणि १९२५ मध्ये मॅक्लेनन आणि श्रम यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की ती अणुरूप ऑक्सिजनची आहे. हायड्रॉक्सिलचे पट्टे मायनेल यांनी १९५० मध्ये ओळखले. आज वारा मोजायला वापरतात ते उपकरण मूळ तेच आहे, बॅबकॉक यांनी लावलेलं.

रात्रपाखरू
कड्याकडे सर, रेषा नेमकी किती सरकते? माझ्याकडे छोटा वर्णपटमापी आहे, त्यात दिसेल का?

कड्याकडे
नाही दिसणार, आणि त्यात तुमच्या उपकरणाचा दोष नाही. गणित करून बघा. वारा सेकंदाला १०० मीटर, प्रकाश सेकंदाला ३० कोटी मीटर. म्हणजे तरंगलांबीत तीस लाखांत एक भाग फरक. ६३० नॅनोमीटरच्या रेषेत ०.०००२१ नॅनोमीटर. आणि १००० केल्व्हिन तापमानाला ती रेषा स्वतःच ०.००३६ नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे रेषेच्या स्वतःच्या रुंदीच्या सतराव्या भागाइतकं सरकणं पकडायचं, आणि तेही इतक्या मंद उजेडात.

त्यासाठी फॅब्री-पेरो. दोन अतिशय सपाट काचा, आतल्या बाजूला अर्धपारदर्शक मुलामा, मध्ये दीड सेंटीमीटरच्या आसपास फट. प्रकाश दोन काचांमध्ये पुन्हा पुन्हा परततो आणि ठरावीक कोनांतच बाहेर पडतो, त्यामुळे कॅमेऱ्यावर एकात एक कडी उमटतात. हवा आपल्याकडे येत असेल तर कडी किंचित मोठी होते, दूर जात असेल तर किंचित लहान. हवा गरम असेल तर कडीची कड जाड आणि मऊ होते. पहिल्यांदा हे कडं पडद्यावर उमटताना पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. थंड केलेला सीसीडी (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग), पाच मिनिटांचं एक्स्पोजर, आणि काळ्या पडद्यावर हळूच उमटलेली चार-पाच वर्तुळं. अडीचशे किमीवरच्या हवेची सही.

वर एक आरसा फिरतो. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, प्रत्येक वेळी क्षितिजापासून ४५ अंश वर, आणि मग सरळ डोक्यावर. लक्षात ठेवा, २५० किमी उंचीवर उत्तरेचा आणि दक्षिणेचा बिंदू एकमेकांपासून ५०० किमी दूर असतात. मधे वारा फार बदलत नाही असं धरूनच एक आकडा काढावा लागतो. उजेड बरा असेल तर चूक १० मीटरच्या आत ठेवता येते.

काठावरून
दीड सेंटीमीटरची फट तापमानाने बदलत नाही का? काचेच्या तुकड्यावर एवढा भरवसा?

कड्याकडे
अगदी मर्मावर बोट ठेवलंत. फट फक्त अर्ध्या नॅनोमीटरने बदलली तरी १० मीटरचा खोटा वारा दिसतो. अर्धा नॅनोमीटर म्हणजे दोन-तीन अणू शेजारी शेजारी ठेवले तर होईल तेवढं. म्हणून मधले ठोकळे जवळजवळ न प्रसरणाऱ्या काच-सिरॅमिकचे घेतात आणि सगळं उपकरण एका तापमानाला जखडून ठेवतात.

पण आम्हाला तापमानाने नाही, दाबाने गाठलं. मी नवखा होतो तेव्हाची गोष्ट. एका रात्री पहाटेपर्यंत चारही दिशांची हवा आमच्यापासून दूर पळताना दिसत होती, आणि वेग तासातासाला वाढत होता. उत्तरेकडची उत्तरेला, दक्षिणेकडची दक्षिणेला. मी उत्साहाने टिपणं लिहीत बसलो की वर काहीतरी भयंकर फाकतंय. मग डोक्यावरच्या दिशेचं कडं काढलं. तेही तेवढंच लहान झालं होतं. म्हणजे डोक्यावरची हवासुद्धा शंभराहून जास्त मीटर वेगाने सरळ वर निघालेली! तिथे मी थांबलो. तुलनेसाठी उपकरणात सोडतो त्या लेझरचं कडं पाहिलं, तर तेही तेवढंच आत सरकलेलं. लेझर टेबलावर पक्का बसवलेला, तो कुठे पळणार?

काचा ज्या डबीत बंद होत्या तिचं सील झिजलं होतं. बाहेर कमी दाबाचा पट्टा येत होता, डबीतली हवा हळूहळू बाहेर जात होती. हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा अगदी किंचितच जास्त, पण दाब १ हेक्टोपास्कलने उतरला तरी त्यातून ८० मीटरचा खोटा वारा तयार होतो. त्या रात्री बॅरोमीटर दीड-दोन हेक्टोपास्कलने उतरला होता. आम्ही वाऱ्याचा नाही, हवामानाचा आलेख काढला होता. तेव्हापासून दर काही फोटोंमागे एक लेझरचा फोटो, हा नियम मी कधी मोडला नाही.

उत्तररात्र
हा अनुभव वाचून अंगावर काटा आला. पण मग शून्य कुठून आणता? लेझर ६३२.८ नॅनोमीटरचा, तुमची रेषा ६३०.० ची. लेझरने कडं हललं का ते कळेल, पण स्थिर हवेचं कडं केवढं असतं, ते कसं कळणार?

कड्याकडे
ताई, या विषयातला सगळ्यात कठीण प्रश्न विचारलात. लाल रेषेचा दिवा प्रयोगशाळेत ठेवता येत नाही, आणि कारण तुम्हीच वर लिहिलं आहे. अणूला ११० सेकंद निवांतपणा हवा, दिव्याच्या नळीत तो मिळत नाही.

म्हणून शून्य आकाशातूनच घेतात. डोक्यावरची हवा रात्रभरात सरासरी ना वर जाते ना खाली, असं धरतात. बहुतेक ठिकाणी हे चालतं. ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशात मात्र उभा वारा खरोखरच दहा-दहा मीटरचा असू शकतो, तिथे हे गृहीतक ठिसूळ होतं. त्याच प्रदेशात आणखी एक घोळ आहे. आकाशाचा एक कोपरा झगझगीत असेल तर त्याचा उजेड खालच्या हवेत विखुरतो आणि तुम्ही दुसऱ्याच दिशेला पाहत असताना आत शिरतो. मग त्या दिशेचा वारा म्हणून भलत्याच दिशेचा वारा मोजला जातो. मला स्वतःला असं वाटतं की कुठल्याही निबंधात वाऱ्याचा आकडा बघण्याआधी शून्य कसं धरलं ते वाचावं.

साधाप्रश्न
१००० केल्व्हिन वाचून अडखळलो. तिथे उपग्रह वितळत कसे नाहीत?

उत्तररात्र
अणू वेगवान आहेत पण इतके थोडे आहेत की उपग्रहाला मिळणारी उष्णता नगण्य असते. तापमान म्हणजे इथे अणूंच्या धावण्याचा वेग, एवढंच. १००० केल्व्हिनला ऑक्सिजनचा अणू सेकंदाला सव्वा किमीच्या आसपास धावतो.

आणि तापमानाचं दुसरं, जास्त साधं तंत्र आहे ते हायड्रॉक्सिलचं. तिथे रेषेची रुंदी मोजायची गरजच नाही. रेणू गोल फिरतो, आणि फिरण्याच्या प्रत्येक पायरीची वेगळी रेषा असते. हवा थंड असेल तर बहुतेक रेणू खालच्या पायऱ्यांवर, गरम असेल तर वरच्या पायऱ्यांवर जास्त. दोन-तीन रेषांच्या तेजाचं गुणोत्तर काढलं की तापमान मिळतं. अट एकच, टकरा पुरेशा होऊन फिरणं आजूबाजूच्या हवेशी जुळलेलं असावं. फिरण्याच्या खालच्या पायऱ्यांपुरतं हे बरंच खरं आहे, वरच्या पायऱ्यांबद्दल नाही. शिवाय प्रत्येक रेषेची उजेड देण्याची मूळ क्षमता कुठल्या तक्त्यातून घेतली त्यावर काही केल्व्हिनचा फरक पडतो, म्हणून दोन ठिकाणांचे आकडे सरळ शेजारी ठेवू नयेत. एकाच ठिकाणचे वर्षानुवर्षांचे मात्र ठेवावेत. अंटार्क्टिकातल्या डेव्हिस स्थानकावर १९९५ पासून हे मोजमाप चालू आहे आणि त्यात दशकाला साधारण १ केल्व्हिनची घट दिसते. खाली कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, तोच वर विरळ हवेत उष्णता अवकाशात सोडून हवा थंड करतो.

ध्रुवाजवळ या उंचीवर उन्हाळा हा वर्षातला सगळ्यात थंड काळ असतो, १३० केल्व्हिनच्या आसपास. सूर्य मावळत नाही आणि तरीही. याला जबाबदार याच लाटा. त्या वर जाऊन फुटतात, वाऱ्याला ढकलतात, आणि त्यामुळे उन्हाळ्याच्या ध्रुवावर हवा वर उचलली जाऊन पसरते, थंड होते.

कक्षावेडी
उपग्रहांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. जमिनीवरून पाहताना सगळा थर एकदम दिसतो, त्यातली नेमकी कुठली उंची ते कळत नाही. उपग्रह क्षितिजाच्या कडेला, आडव्या नजरेने बघतो, त्यामुळे उंचीप्रमाणे वेगळं वेगळं वाचता येतं. वरून सुरुवात करून कांद्याची एकेक साल काढावी तसं एकेका थराचं वजा करत खाली यायचं. आणि मागे काळं अवकाश असल्यामुळे दिवसाही मोजता येतं.

१९९१ मध्ये सोडलेल्या यूएआरएस या उपग्रहावर वारा मोजणारी दोन उपकरणं होती. एचआरडीआय फॅब्री-पेरोवर चाललं, तर विंडी मायकेलसन पद्धतीवर, म्हणजे प्रकाशाचे दोन भाग करून पुन्हा एकत्र आणण्यावर. विंडीत कडी नसतात, उजेड-अंधाराच्या पट्ट्यांची कला, म्हणजे ते कुठे पडतात ते, मोजतात. कला सरकली तर वारा, पट्टे फिके पडले तर तापमान. २०१९ मध्ये आयकॉन हे यान गेलं, त्याच्यावरच्या मायटी या उपकरणाने लाल आणि हिरवी रेषा घेऊन वारा मोजला, आणि ७६२ नॅनोमीटरजवळच्या ऑक्सिजनच्या पट्ट्यावरून तापमान. हा पट्टा जमिनीवरून बघता येत नाही, खालचा ऑक्सिजनच तो गिळतो. एक डोळा पुढे ४५ अंश, दुसरा मागे ४५ अंश, त्यामुळे पहिल्याने पाहिलेली हवा दुसऱ्याला सुमारे आठ मिनिटांनी काटकोनातून दिसते आणि वाऱ्याची दिशाही मिळते.

आयकॉनशी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये संपर्क तुटला. पण त्याच वर्षी १५ जानेवारीला टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला तेव्हा ते काम करत होतं, आणि वरच्या हवेत ताशी ७२० किमीपर्यंतचा वारा त्याने नोंदवला. समुद्रातला स्फोट आणि अवकाशाच्या उंबरठ्यावरचा वारा यांचा असा थेट संबंध दिसणं, हे मला फार मोलाचं वाटतं.

काठावरून
उपग्रह स्वतःच साडेसात किमी वेगाने पळतो. तो वेग वजा करताना चूक होत नाही?

कक्षावेडी
होते, आणि तीच मुख्य डोकेदुखी. ४५ अंशांत बघताना उपग्रहाचा स्वतःचा सेकंदाला ५३०० मीटर वेग त्या रेषेत येतो. नजर ०.१ अंशाने चुकली तरी ९ मीटरचा खोटा वारा. म्हणून ताऱ्यांवरून दिशा ठरवणारे कॅमेरे लागतात.

कड्याकडे
एक पुरवणी. उत्तररात्र ताईंनी लाल थर २५० किमीवर म्हटलं ते सरासरीने ठीक, पण तो थर एका जागी बसत नाही. रात्री आयनांबर खाली उतरलं की लाल उजेड वाढतो आणि थरही उतरतो. म्हणजे उजेड वाढला त्या तासाचा वारा आधीच्या तासाच्या वाऱ्याशी तुलना करताना आपण कदाचित दोन वेगळ्या उंचींची तुलना करत असतो. उजेडाचा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय वाऱ्याचा आलेख मी बघत नाही.

उत्तररात्र
मान्य. मी "आसपास" लिहिलं खरं, पण हे स्पष्ट सांगायला हवं होतं.

रात्रपाखरू
सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझ्या ४३ मीटरचं काय करू? सर म्हणाले होते आकडा वाया गेलेला नाही.

कड्याकडे
दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. समजा ३० किमी आलं. ते ४३ ने भागलं की जवळपास १२ मिनिटांचा आवर्तनकाळ. हा जमिनीवरून दिसलेला काळ. लाट ज्या हवेतून चालली आहे ती हवाच सेकंदाला २० मीटरने त्याच दिशेला जात असेल तर हवेच्या दृष्टीने लाट फक्त २३ मीटरने चालली आहे, आणि तिचा खरा काळ २२ मिनिटांच्या आसपास होतो. लाट किती ऊर्जा वर नेते ते या खऱ्या काळावर ठरतं, म्हणून त्या उंचीचा वारा वेगळा मोजावाच लागतो.

आणि वाटेत कुठे वारा लाटेच्याच दिशेने लाटेच्याच वेगाने वाहत असेल तर लाट तिथेच विरून जाते, वर पोचत नाही. तुमचे पट्टे ईशान्येकडे, म्हणजे बऱ्याच अंशी पूर्वेकडे चालले होते, आणि दिवस उन्हाळ्याचे. उन्हाळ्यात स्थितांबरातला वारा पश्चिमेकडे वाहतो, त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या लाटा खालीच गळतात आणि पूर्वेकडच्या वर येतात. हिवाळ्यात उलट. तुमच्याकडे हिवाळ्यातले फोटो आहेत का?

रात्रपाखरू
आहेत. तीन रात्रींचे, पण तेव्हा पट्टे शोधायचे हे माहीतच नव्हतं. आज रात्री चालवून बघतो, दिशा काय येते ते इथेच लिहीन.